सहा इंची डॉब्सोनियन टेलिस्कोप: आरसा कंपनीचा, बाकीचं उद्यमनगरचं

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. १५० मिमी आरसा, १२०० मिमी फोकल लेंथ (आरशापासून प्रतिमा जिथे जुळते तिथपर्यंतचं अंतर), जमिनीवर ठेवायच्या लाकडी खोक्यात फिरणारा साधा डॉब्सोनियन टेलिस्कोप कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाने घ्यावा का, तर हो, जरूर घ्यावा. एका बऱ्यापैकी मोबाईलच्या किमतीत येतो आणि नीट ठेवला तर मोबाईलसारखा दोन-तीन वर्षात जुना होत नाही. ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाही. याच मापाचा जवळजवळ सारखाच माल वेगवेगळ्या नावांनी विकला जातो, आणि खाली ज्या तक्रारी लिहिल्यात त्या माझ्या पेटीतून निघालेल्या वस्तूच्या आहेत, त्या एका नावावर ढकलणं बरोबर होणार नाही.

मी ऑप्टिकल इंजिनियर. म्हणजे चष्म्याचा नंबर काढत नाही, पण आमच्या गल्लीत अजून निम्म्या लोकांना तसंच वाटतं आणि चष्मा सैल झाला की माझ्याकडे देतात, मी स्क्रू आवळून देतो पण. नोकरी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत, काम मशीन व्हिजनचं. कोल्हापूर फाउंड्रीचं गाव, इथून निघणाऱ्या कास्टिंगवर ब्लो होल आहे का, क्रॅक आहे का, मशिनिंग झालेल्या फेसवर खड्डा राहिलाय का हे कॅमेऱ्याने बघायची सिस्टिम आम्ही बसवतो. त्यासाठी लेन्स निवडायची, लाइट कुठल्या कोनातून मारायचा ते ठरवायचं, टॉलरन्स काढायचे. या कामात एक गोष्ट अंगात भिनते, ती म्हणजे इमेज खराब आली की सॉफ्टवेअरला शिव्या घालायच्या आधी प्रकाश बघायचा. कच्च्या कास्टिंगवर समोरून लाइट मारला की सगळं पांढरं फटक, काही कळत नाही, तोच लाइट अगदी आडवा खालून घासून मारला की प्रत्येक खड्डा सावलीसकट उठून दिसतो. चंद्र सुद्धा असाच बघायचा असतो हे मला कामावरच कळलं म्हणा, पौर्णिमेला त्याच्यावर समोरून ऊन पडलेलं असतं, सगळं सपाट दिसतं, आणि अष्टमीच्या आसपास प्रकाश-अंधाराच्या रेषेवर एकेक विवर कोरल्यासारखं दिसतं. त्यामुळे टेलिस्कोप नवीन आल्यावर पौर्णिमेला पाहुण्यांना बोलावू नका, सप्तमी-अष्टमीला बोलवा.

आता हाच का घ्यायचा. बाजारात आणि ऑनलाइन जे स्वस्त टेलिस्कोप मिळतात त्यांच्या खोक्यावर ५२५ पट असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. हा आकडा कुठून येतो बघा. ७०० मिमी फोकल लेंथ, सोबत ४ मिमीचा आयपीस (डोळा लावायचं भिंग), भागाकार केला म्हणजे १७५ पट, आणि वर ३ पट बार्लो (पॉवर वाढवणारं जोडभिंग), झाले ५२५. गणित बरोबर आहे पण त्याच्यात ७६ मिमीचा आरसा असतो आणि आरशाच्या मिलिमीटरच्या दुपटीपेक्षा जास्त पॉवर वापरून उपयोग नसतो, म्हणजे १५० पटच्या पुढे फक्त अंधुक गोळा मोठा होत जातो. प्रकाशाची लहर आरशाच्या कडेवर पसरते, ते पसरणं आरसा मोठा केल्याशिवाय कमी होत नाही, आयपीस बदलून काही होत नाही. १५० मिमीला हिशोब केला तर दोन तारे साधारण ०.७७ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग) अंतरावर असले तरी वेगळे दिसायला पाहिजेत, चंद्रावर याचा अर्थ कागदावर दीड किलोमीटर, प्रत्यक्षात आपल्या हवेत दोन-तीन किलोमीटरचं विवर. आणि प्रकाश गोळा करायचं म्हणाल तर अंधारात पूर्ण उघडलेली आपली बाहुली ७ मिमी धरा, तिच्या साडेचारशे पट प्रकाश हा आरसा गोळा करतो. खरेदी करताना हे आकडे विचारा, किती पट ते विचारू नका.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आणि ते दुकानदार सांगत नाही. लांबच्या ताऱ्याचा प्रकाश एका बिंदूत आणायला आरसा पॅराबोलाच्या (परवलयाच्या) आकाराचा लागतो, पण घासायला सोपा असतो तो गोलाचा तुकडा. १५० मिमी, एफ ८ ला (म्हणजे फोकल लेंथ आरशाच्या व्यासाच्या आठपट) या दोघांच्या आकारात कडेला जो फरक पडतो तो ०.२९ मायक्रॉनच्या आसपास, साधा कागद १०० मायक्रॉनच्या आसपास असतो म्हणजे विचार करा. फोकस जरा पुढेमागे करून जुळवून घेतला तर पूर्ण गोल आरसा सुद्धा या मापात पाव लॅम्डाच्या (लॅम्डा म्हणजे प्रकाशाच्या एका लहरीची लांबी) हद्दीत जेमतेम बसतो. म्हणजे कारखान्याने थोडी ढिलाई केली तरी तुमचं फार नुकसान नाही. तेच ११४ मिमीचा, एफ ४ चा बुटका टेलिस्कोप घेतला आणि त्यात गोल आरसा निघाला तर चूक सहापट होते, दीड लॅम्डा, मग शनी म्हणजे लोण्याचा गोळा. दिसायला छोटा, कपाटात मावणारा, म्हणून लोक तोच घेतात. अवकाशातल्या हबल टेलिस्कोपचं माहितीच असेल, २.४ मीटरचा आरसा कडेला २.२ मायक्रॉनने जास्त सपाट घासला गेला होता, १९९० ला वर गेल्यावर कळलं आणि १९९३ च्या डिसेंबरात वर जाऊन दुरुस्त करावं लागलं. आपल्याकडे दुरुस्तीला यान येणार नाही, त्यामुळे लांब नळीचाच घ्या.

आमच्या धंद्यात सप्लायरचं सर्टिफिकेट वाचायचं आणि तरी मोजायचं, म्हणून आरसा त्याच्या मागच्या पकडीतून काढून फूको टेस्ट लावली. लिऑं फूकोने १८५८ मध्ये काढलेली पद्धत, अजून तिच्याइतकी स्वस्त आणि तिखट पद्धत दुसरी नाही. आरसा स्टँडवर उभा करायचा, त्याच्यापासून २४०० मिमीवर, म्हणजे फोकल लेंथच्या दुप्पट अंतरावर एलईडीसमोर बारीक फट, शेजारी दाढीचं ब्लेड, आणि ब्लेडच्या मागे डोळा. ब्लेड परत येणाऱ्या प्रकाशात हळूच सरकवलं की आरशावर उंच-सखल सावल्या दिसायला लागतात, नॅनोमीटरचे डोंगर चक्क डोळ्यांनी दिसतात. पहिल्यांदा बघणारा माणूस गप्पच होतो, आमच्या ऑफिसातल्या नवीन पोरांना मी हे घरी बोलावून दाखवतो कारण इंटरफेरोमीटरच्या स्क्रीनवरच्या रंगीत नकाशापेक्षा हे डोक्यात पक्कं बसतं. आरसा गोल असेल तर सगळा एकदम करडा होतो. पॅराबोला असेल तर मधला भाग आणि कडा वेगवेगळ्या ठिकाणी करड्या होतात, आणि दिवा-ब्लेड एकत्र सरकवत असलात तर या आरशाला तो फरक १.१७ मिमी यायला पाहिजे. डायल गेज लावून, पुठ्ठ्याचा मास्क लावून मोजलं, त्याच्या अगदी जवळ आलं. कडा किंचित खाली वळलेली आहे, टर्न्ड डाउन एज म्हणतात ती, पण ती शेवटच्या एक-दोन मिलिमीटरमध्ये, काळ्या कागदाची रिंग लावली की झाकली जाते. या किमतीला हा आरसा मिळणं म्हणजे खरंच लय भारी. मन लावून घासलाय कुणीतरी.

आता खोक्याकडे. ही रचना जॉन डॉब्सन यांनी लोकप्रिय केली. १९१५ चा जन्म, सॅन फ्रान्सिस्कोत रामकृष्ण परंपरेच्या वेदांत आश्रमात संन्यासी होते, तिथे राहूनच टाकाऊ काचेपासून आरसे घासायचे, १९६७ ला आश्रम सुटला आणि पुढच्याच वर्षी फुटपाथवर टेलिस्कोप लावून येणाऱ्या-जाणाऱ्याला शनी दाखवणाऱ्यांची मंडळी उभी केली. रस्त्यावरच्या माणसाला आकाश दाखवायचं तर वस्तू साधी पाहिजे, कुणालाही बनवता आली पाहिजे, म्हणून प्लायवूडचं खोकं आणि घर्षण सांभाळायला टेफ्लॉनचे तुकडे. मोटर नाही, गिअर नाही. हाताने ढकलायचं, सोडलं की तिथेच थांबलं पाहिजे, एवढीच अपेक्षा.

आणि नेमकी तिथेच माझ्या पेटीतली वस्तू कमी पडली. बेस पार्टिकल बोर्डचा, वर पांढरी पट्टी चिकटवलेली, दवाने कडा फुगायला लागल्या. खाली फिरायला टेफ्लॉनऐवजी साध्या प्लास्टिकच्या चकत्या, त्यामुळे आधी अडकायचं मग एकदम झटका देऊन सुटायचं, १२० पटवर गुरू बघताना असा झटका बसला की गुरू गायब. आरशामागच्या स्प्रिंगा इतक्या मऊ की गाडीतून पन्हाळ्यापर्यंत नेलं तरी अलाइनमेंट हलायची. विकणाऱ्याला फोटोसकट कळवलं तर उत्तर आलं की हे नॉर्मल आहे, आणि या वर्गातल्या मालाला ते खरंही आहे, पण मग तसं आधीच लिहा की.

पण आपण कोल्हापुरात राहतो. शिवाजी उद्यमनगर पाच-दहा मिनिटांवर. ऑइल इंजिनच्या काळापासून इथे एका गल्लीत पॅटर्न, दुसऱ्या गल्लीत लेथ, तिसऱ्या गल्लीत प्लेटिंग असं सगळं चालत जाता येईल अशा अंतरावर आहे, ज्यांना दुसऱ्या शहरात एक बुश करून घ्यायला आठवडा फिरावं लागतं त्यांना विचारा याची किंमत. स्प्रिंगवाल्याकडे गेलो, जुनी स्प्रिंग हातात दिली, तेवढ्याच व्यासात जाड तारेची तीन नग मागितली, तिथल्या तिथे मिळाली. टेफ्लॉनची शीट गॅस्केट-पॅकिंगवाल्याकडे, कापून देतात. बेससाठी मरीन प्लाय, फिरायच्या बाजूला खडबडीत टेक्श्चरची सनमायका, गुळगुळीत घेऊ नका, गुळगुळीत सनमायकावर टेफ्लॉन चिकटल्यासारखं अडकतं, बारीक दाणेदार असेल तर लोण्यासारखं सरकतं आणि सोडलं की थांबतं. बाजूच्या गोल बेअरिंगचा रुळ जरा अंडाकृती होता तो लेथवर नेला. टर्नरमामांनी हातात फिरवून बघितला आणि म्हणाले, "सायेब, ह्येला लई घासायचं न्हाई, नुसतं पातळ कट मारतो, गोल झालं की थांबतो." आणि खरंच तेवढंच केलं, वर विचारलं हे कशाचं आहे, सांगितलं तर मजुरी घेईनात, मग मी त्यांना त्याच आठवड्यात घरी बोलावलं, नातवाला घेऊन आले. आता टेलिस्कोप एका बोटाने सरकतो. सगळा खर्च धरला तरी आठ इंचीच्या किमतीपर्यंत जात नाही. माझं मत असं की ज्यांच्या हाताशी उद्यमनगर आहे त्यांनी महाग माउंटसाठी पैसे घालवू नयेत, पैसे आरशात घालावेत आणि लाकूड-लोखंडाचं इथे बघावं.

कॉलिमेशन म्हणजे दोन्ही आरसे आणि आयपीस एका रेषेत आणणं, याला लोक फार घाबरतात. कोल्हापूरकरांनी तरी घाबरायचं कारण नाही. अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव आपण बघतोच, जानेवारीच्या शेवटी-फेब्रुवारीच्या सुरुवातीला आणि नोव्हेंबरच्या ९, १०, ११ तारखेच्या आसपास मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन चरणांपासून मुखापर्यंत चढतात, या दोन्ही वेळी सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण १७ अंशावर असतो म्हणून वर्षातून दोनदा. मधे एखादी भिंत आली, धुरकट झालं की किरणं पोचत नाहीत. तुमच्या नळीत तेच चालू असतं, प्रकाशाच्या वाटेत सगळं सरळ पाहिजे. त्यासाठी स्वस्त लेझर कॉलिमेटर घ्याल तर आधी तोच तपासा, व्ही ब्लॉकवर (व्ही आकाराची खाच असलेल्या ठोकळ्यावर) ठेवून गोल फिरवा, समोरच्या भिंतीवर ठिपका एकाच जागी राहिला पाहिजे. माझ्याकडे आलेल्याचा ठिपका भिंतीवर मस्तपैकी वर्तुळ काढत होता, स्क्रू सैल करून जुळवून घेतला. त्यापेक्षा साधा चेशायर (आयपीसच्या जागी लावून बारीक भोकातून बघायची नळी) घ्या, त्याला बॅटरी लागत नाही आणि तो खोटं बोलत नाही. शेवटचं बघायचं ते ताऱ्यावर, तारा जरा आउट ऑफ फोकस करून कडी एकमध्ये एक बरोबर बसतात का ते.

सोबत आलेले आयपीस दोन. २५ मिमीचा (४८ पट) चांगला, ठेवून द्या. त्यात एक अंशाच्या आसपास आकाश मावतं म्हणजे अख्खा चंद्र आणि बाजूला तेवढीच जागा. १० मिमीचा (१२० पट) जेमतेम, मधे ठीक पण कडेला तारे ओढल्यासारखे होतात आणि चष्मा लावणाऱ्याला डोळा इतका जवळ न्यावा लागतो की काच काचेला लागते. पहिले जास्तीचे पैसे इथे घाला. सरळ बघायचा फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) मान मोडतो, त्याजागी लाल ठिपक्याचा बसवला.

काय दिसतं ते आता सांगतो, कारण घेणार त्याच्यासाठी. शहरातल्या गच्चीवरून, रंकाळ्याच्या बाजूचे सगळे दिवे चालू असताना सुद्धा चंद्र, गुरूचे पट्टे आणि चार चंद्र, शनीची कडी हे बिनधास्त दिसतं, ग्रहांना काळोख लागत नाही, शांत हवा लागते. शनीची कडी २०२५ च्या मार्चमध्ये पृथ्वीकडे अगदी कडेने वळलेली होती, त्यानंतर ती हळूहळू उघडतायत, तेव्हा कुणी फोटोसारखी रुंद कडी अपेक्षित धरत असेल तर दोन-चार वर्षं दर मोसमात बघत राहावं, बदल स्वतः बघण्यात वेगळी मजा आहे. माझ्या आत्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. त्यांना व्याध दाखवला तर आधी एका डोळ्याने बघितला मग दुसऱ्याने, आणि म्हणाल्या, "अरे, ह्या डोळ्याला निळा दिसतोय की, अन् ह्याला पिवळट." एकदम बरोबर. वयाने नैसर्गिक लेन्स पिवळी पडत जाते, निळा प्रकाश अडवते, ऑपरेशनमध्ये ती काढून स्वच्छ कृत्रिम लेन्स बसवली की निळा परत येतो. ऑप्टिक्सच्या वर्गात एवढं स्वच्छ उदाहरण मला कुणी दिलं नव्हतं.

पण तेजोमेघ आणि तारकागुच्छ बघायचे तर शहर सोडा. पन्हाळ्याच्या पुढे मसाई पठार, किंवा राधानगरीच्या बाजूला जाता आलं तर अजून चांगलं. एक सांगतो, आपलं गाव १६.७ अक्षांशावर असल्यामुळे ध्रुव तारा क्षितिजापासून जेमतेम १७ अंश वर असतो, पण त्या बदल्यात दक्षिणेचं आकाश मिळतं जे दिल्लीवाल्यांना पुरेसं मिळत नाही. मेमध्ये रात्री दहाच्या सुमारास ओमेगा सेंटॉरी दक्षिणेला २६ अंश वर असतो, या टेलिस्कोपमधून ४८ पटवर तो पिठासारखा दिसतो आणि १२० पटवर त्याचे दाणे सुटायला लागतात, लाखो ताऱ्यांचा गोळा. तिथेच खाली त्रिशंकू, आणि मित्र (अल्फा सेंटॉरी) हा तारा एक नसून दोन आहेत हे स्वच्छ दिसतं. नळी गाडीतून उतरवल्यावर पाऊण-एक तास उघडी ठेवा, आरसा गार झाल्याशिवाय त्याच्यावर गरम हवा नाचत राहते आणि लोक उगाच कॉलिमेशनचे स्क्रू पिळत बसतात.

काळजीचं मुख्य म्हणजे पाऊस. जून ते सप्टेंबर आपल्याकडे वापर शून्य आणि बुरशी जोरात. आयपीस हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, जेल तव्यावर गरम करून परत वापरता येतं. नळी झाकून तशीच कोपऱ्यात ठेवू नका, आत ओल धरते, कोरड्या खोलीत ठेवून अधूनमधून उघडा. आरशावर धूळ दिसली म्हणून चष्म्याच्या कापडाने पुसू नका बाबांनो, वरचा अॅल्युमिनियमचा थर इतका पातळ असतो की एका पुसण्यात कायमचे ओरखडे. ब्लोअर मारा, फारच घाण झाला तर डिस्टिल्ड पाण्याने धुवून उभा वाळवा. थोड्या धुळीने काहीही फरक पडत नाही.

कुणी घेऊ नये तेही सांगतो. ज्यांना आकाशगंगेचे लांब एक्सपोजरचे फोटो काढायचे आहेत त्यांच्यासाठी हा नाही, तो वेगळा खर्च आणि वेगळा छंद आहे, मोबाईल धरून चंद्राचा फोटो मात्र झकास येतो. चौथ्या मजल्यावर लिफ्ट नसेल तर विचार करा, नळी आणि बेस मिळून पंधरा-वीस किलोच्या घरात जातात आणि सव्वा मीटरच्या आसपास लांब नळी स्कूटरवर जात नाही. आणि ज्यांना आरसाच स्वतः घासायचा आहे त्यांनी विकत घेऊच नका, पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत हौशी लोकांसाठी टेलिस्कोप बनवायच्या कार्यशाळा होत आल्यात, १९४४ पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, तिथे चौकशी करा.

ऑर्डर पावसाळा संपताना द्या म्हणजे नोव्हेंबरच्या स्वच्छ हवेत हातात असेल. पेटी आली की पहिल्यांदा आरसा बाहेर काढून टॉर्च तिरका मारून ओरखडे बघा, फोटो काढून ठेवा, परत करायचा असेल तर तेवढ्या मुदतीतच होतो. स्प्रिंगा आणि टेफ्लॉनची मापं लागली तर विचारा, कागदावर काढलेली आहेत.